राइड बंद असल्यास थीम पार्कच्या सहलीवर होणारा परिणाम
थीम पार्कमधील किती राइड बंद आहेत, यापेक्षा कोणती बंद आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मॅजिक किंगडम येथील 'स्प्लॅश माउंटन' ही जलराइड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. जून २०२४ मध्ये ती 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' या नव्या रूपात खुली झाली. अशी मोठी राइड थांबली की तिची गर्दी अन्य राइडकडे वळून तेथील रांगा लांबतात. लहानसा पाळणा बंद असल्यास तसे सहसा घडत नाही. मात्र सोबत लहान मुलेच असतील, तर हिशेब उलटतो. नियोजित दुरुस्तीची सूचना संकेतस्थळावर आधी मिळते. उन्हाळ्यातील दुपारी विजा कडाडू लागल्यास उघड्यावरील राइड अचानक थांबवतात. वादळ सरल्यावर त्या बहुधा त्याच दिवशी सुरू होतात.