जुन्या गाडीचा भाव ठरवतं कोण?

घरातली गाडी विकायला काढली की पहिला वाद एकाच गोष्टीवर होतो: किती सांगायचे? बाबा म्हणतात, "साडेसहा लाखांना घेतलीय, जिवापाड जपलीय, पाचच्या खाली द्यायची नाही." शेजारचे काका म्हणतात, "तीन मिळाले तरी खूप झाले." दोघंही अंदाजाने बोलतायत. आणि हा अंदाज चुकला तर फटका लहान नसतो. जास्त सांगितलं तर महिनोन्‌महिने फोन येत नाही आणि गाडीचं वय वाढत जातं. कमी सांगितलं तर पहिलाच माणूस टोकन देऊन मोकळा होतो आणि आपण नंतर हळहळत बसतो.

म्हणून आज जरा मागे जाऊया. कारण आपल्या देशात एक काळ असा होता, जेव्हा जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. हो, बरोबर ऐकलंत.

साठ-सत्तरच्या दशकात भारतात कार घ्यायची म्हणजे मुख्यतः तीनच नावं. बंगालमधली अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आणि आपल्या मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी लायसन्सवर ठरायचं. १९६९ मध्ये तर सरकारने या तिन्ही गाड्यांच्या कमाल किमतीच बांधून दिल्या. कंपन्या त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेल्या.

आता बघा काय झालं. कागदावर किंमत कमी, पण गाडी मिळणार काही वर्षांनी. मग ज्याला आज गाडी हवी, तो काय करणार? ज्याच्या दारात उभी आहे त्याला वरचे पैसे देणार. मुंबईच्या भाषेत, "ऑन" देणार. स्कूटरचंही तेच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज चेतक बनायची, पण नंबर लागायला वर्षं जायची. त्यामुळे वापरलेली चेतक नव्या किमतीच्या वर सहज खपायची. म्हणजे घेणारा लोखंडाचे पैसे देतच नव्हता, तो रांगेतून सुटण्याचे पैसे देत होता.

१९८३ मध्ये मारुती ८०० ची बुकिंग सुरू झाली. दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते, तरी लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. पुन्हा रांग, पुन्हा ऑन.

मग १९९३ मध्ये कार उद्योगावरची लायसन्सची अट गेली. १९९८ मध्ये सँट्रो आली आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात बनलेली टाटांची इंडिका बाजारात उतरली. मारुतीलाही किमती खाली आणाव्या लागल्या. शोरूममध्ये जा, कर्ज काढा, गाडी घरी आणा. रांग संपली आणि तिच्यासोबत जुन्या गाडीचा रुबाबही संपला. गाडी तीच, इंजिन तेच, पण भाव घसरला. कारण घेणाऱ्याकडे आता दुसरा पर्याय होता.

इतिहासातला कळीचा मुद्दा हाच. जुन्या गाडीची किंमत तुमच्या जुन्या बिलात नसते. ती असते घेणाऱ्यासमोर आज उभ्या असलेल्या दुसऱ्या पर्यायात.

हे जुनं झालं असं वाटतंय? २०२१ मध्ये चिप्सचा तुटवडा पडला आणि रांग परत आली. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० च्या पहिल्या २५ हजार बुकिंग ५७ मिनिटांत संपल्या, आणि काही मॉडेल्ससाठी वर्षभराचं वेटिंग लागलं. जुन्या गाड्या लगेच वधारल्या. उलटं घडलं २२ सप्टेंबर २०२५ ला. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के होता, तो १८ वर आला. समजा, गाडीची करापूर्वीची किंमत ५ लाख आहे. आधी ती ६ लाख ४५ हजारांना पडायची, आता ५ लाख ९० हजारांना. पार्किंगमधल्या गाडीला ओरखडाही न येता तिचा भाव एका रात्रीत उतरला.

तर मग आकडा कसा काढायचा?

पहिलं, तेच किंवा त्याच्या जवळचं नवं मॉडेल आज कितीला मिळतं ते बघा. आज, घेतलं तेव्हा नाही. विमा कंपन्या वापरतात तो घसाऱ्याचा तक्ता ढोबळ सुरुवातीला बरा आहे: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के वजा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. आपल्या उदाहरणातली गाडी अडीच वर्षांची असेल, तर ५ लाख ९० हजारांतून ३० टक्के गेले, उरले ४ लाख १३ हजार. जुन्या किमतीवर हिशोब केला असता तर साडेचार लाख आले असते. गिऱ्हाईक फोन का करत नाही, ते या ३८ हजारांत आहे. अर्थात हा विम्याचा हिशोब आहे, बाजारभाव नाही. मागणी असलेलं मॉडेल याच्या वर जातं, बंद पडलेलं मॉडेल खाली.

दुसरं, दोन-तीन डीलरकडून भाव काढा. डीलरला दुरुस्ती, वॉरंटी, स्वतःचा नफा, सगळं त्यातूनच काढायचं असतं. म्हणून तो देतो तो तुमचा तळ. तशीच गाडी तो विकतो तो तुमचा माथा. खाजगी विक्रीचा खरा भाव या दोघांच्या मधे असतो. ऑनलाइन जाहिरातीतले आकडे बघा, पण ते मागितलेले भाव आहेत, मिळालेले नाहीत. महिनाभर तीच जाहिरात दिसत असेल, तर तो आकडा चुकलेला आहे.

तिसरं, भरवसा. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं सोपं होतं: गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला थोडी खराब समजूनच भाव करतो. म्हणजे तुम्ही गाडी जपलीत, हे नुसतं सांगून पैसे मिळत नाहीत. सर्व्हिसची सगळी बिलं, विम्याच्या क्लेमची माहिती, कर्ज फिटल्याची नोंद असलेली आरसी समोर ठेवा. आणि त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी खुशाल बघू द्या.

शेवटी घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवा, पण थोडीच. आपल्याकडे भाव न करता कुणी गाडी घेत नाही हे खरं, पण पन्नास हजार फुगवून सांगितले तर घासाघीस करायलासुद्धा कुणी येत नाही. आणि शेवटचा आकडा घरात आधीच ठरवून ठेवा, गिऱ्हाईक दारात आल्यावर नाही.

एक रांग होती, तेव्हा विकणारा राजा होता. आज रांग नाही, आणि समोरच्याच्या फोनमध्ये तुमच्या गाडीसारख्या आणखी दहा गाड्या आहेत. त्या दहा गाड्या आधी तुम्ही बघा, मगच आकडा लिहा.