दिलेला चरण आणि अठ्ठेचाळीस तास

समस्यापूर्ती हा शब्द आता साहित्यशास्त्राच्या तासाबाहेर फारसा ऐकू येत नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘काव्यसमस्यापूरण’ आहे. भोज-कालिदासांच्या आख्यायिकांत तर कोणीतरी एक चरण टाकतो आणि कालिदास उरलेला श्लोक जागच्या जागी पुरा करतो. (भोज अकराव्या शतकातला, कालिदास त्याच्या कित्येक शतके आधीचा, आख्यायिकांना याची फिकीर नसते.) त्यांतली एक समस्या प्रसिद्ध आहे. चरणात अर्थ असलेला शब्दच नाही, नुसता धातूचा ठणठणाट. कवी एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटू देतो, ती पायऱ्यांवरून गडगडते, आणि त्या निरर्थक ध्वनीला कारण सापडते. दिलेला चरण कवीला आव्हान देतो हे आपण शिकवतो. श्लोक घरून पाठ करून आणलेला नाही, याची हमीही तोच दरबाराला देतो. या दुसऱ्या कामाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले, आणि तेही एका लघुपट-स्पर्धेमुळे.

या प्रकारच्या स्पर्धांचा आजचा साचा २००१ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन शहरात घडला. मार्क रुपर्ट आणि लिझ लँगस्टन यांनी सुरू केलेल्या ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’चे नियम थोडक्यात असे: शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक संघाने चिठ्ठी उचलून कथाप्रकार घ्यायचा. एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद मात्र शहरातील सर्व संघांना सारखाच. रविवारी संध्याकाळपर्यंत चार ते सात मिनिटांचा लघुपट हाती द्यायचा. माणसे, कॅमेरा, जागा आधी ठरवून ठेवायला हरकत नाही; लेखन, चित्रीकरण, संकलन मात्र या अठ्ठेचाळीस तासांतच.

घाईने चित्रपट करणे यात नवे काही नव्हते. १९१४ च्या जानेवारीत चॅप्लिन व्हेनिस या लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरील वस्तीत मुलांच्या मोटारींच्या खऱ्याखुऱ्या शर्यतीत घुसला. पाऊण तासात चित्रीकरण आटोपले असे सांगतात, आणि त्या छोट्या पटातूनच लोकांनी त्याचा भटक्या प्रथम पाहिला. रॉजर कॉर्मनच्या ‘द लिट्ल शॉप ऑफ हॉरर्स’चे (१९६०) मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत उरकले होते. पण तेथे पटकथा आधी तयार होती, नटांच्या तालमी झाल्या होत्या. घाई फक्त कॅमेऱ्याची होती. शिवाय फीत प्रयोगशाळेत धुऊन येईपर्यंत कोणालाही थांबावेच लागे. ती वाट पाहणे संपवले ते १९९० च्या दशकातील मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांनी आणि घरच्या संगणकावर चालणाऱ्या संकलनाच्या प्रणालींनी. तरीही तासाभराची कॅसेट संगणकात उतरवायला तासभर लागेच. तेव्हा २००१ हे साल योगायोगाचे नव्हे.

आमच्या मते खरी नवलाई लेखनाला घड्याळाखाली आणण्यात होती. पुरुषोत्तम करंडकाच्या (१९६३) परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे खटकते. आपली एकांकिका महिनोन्‌महिने मुरते आणि मगच रंगमंचावर येते. कलगी-तुऱ्याच्या फडातला शाहीर मात्र ही स्पर्धा लगेच ओळखेल. समोरच्या फडाने भेदिकातून कूट टाकले की उत्तर त्याच बैठकीत द्यायचे.

खूण म्हणून एखादी वस्तू सक्तीची करण्याची युक्ती त्याआधीच सिडनीतील ट्रॉपफेस्टने योजली होती. ते संमेलन १९९३ साली एका कॉफीगृहात सुरू झाले, आणि १९९४ पासून प्रत्येक लघुपटात ठरलेली वस्तू दिसावी लागे. पहिली खूण होती मफिन. पुढे कॉफीची बी, चमचा. हेतू एकच, की जुना लघुपट कोणी खपवू नये. न्यूझीलंडमध्ये २००३ साली अशी अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे २०११ साली अहमदाबादेत ‘इंडिया फिल्म प्रोजेक्ट’ पन्नास तासांची मुदत घेऊन उभा राहिला.

२०१४ साली अशाच एका स्पर्धेत आम्ही उतरलो: मराठीचे दोन शिक्षक आणि सात विद्यार्थी. चिठ्ठीत रहस्यकथा निघाली. पात्र घड्याळे दुरुस्त करणारा कारागीर, वस्तू छत्री, संवाद ‘हे माझं नाही.’ रात्री साडेनऊपर्यंत काही सुचेना. मग आमच्यापैकी एकीने दोन वर्षांपूर्वी लिहिलेली कथा काढली: निवृत्त पोस्टमास्तर आणि कधीच न पोहोचवलेले एक पत्र. कारागीर शेजारी झाला, छत्री कोपऱ्यात उभी राहिली. संवादाने अडवले. छत्री स्त्रीलिंगी, पत्राला तर शेजाऱ्याने हातही लावायचा नव्हता. अखेर एक पाकीट घडवले आणि शेजाऱ्याकडून ते नाकारवले. शनिवारी सकाळी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कथा आधीची आहे हे सांगायचं नाही का?” पटकथा आजचीच आहे, असे उत्तर आम्ही दिले. रविवारी चार तास शिल्लक ठेवून आम्ही मोकळे झालो.

प्रदर्शनाच्या दिवशी कळले की प्रेक्षक लघुपटाची नव्हे, त्या वाक्याची वाट पाहत असतात. एकाच वाक्याचे अठरा अर्थ एका संध्याकाळी ऐकायला मिळणे हा अनुभव वर्गात देता येत नाही. एका पटात गिऱ्हाईक दुरुस्त झालेले घड्याळ हाती घेते, ते बरोबर चालते आहे हे पाहते आणि गंभीरपणे म्हणते, “हे माझं नाही.” सभागृह कोसळले. दुसऱ्यात पाळण्याकडे पाहणारा पुरुष तेच बोलतो, आणि हसायला सरसावलेले लोक गप्प झाले. दोन्हीकडे ते वाक्य काढले तर पटच उरत नाही. आमच्याकडे शेजारी दारात आला, वाक्य बोलला, निघून गेला. कोणी हसले नाही, कोणी गप्पही झाले नाही. ज्याला समस्या कशी पुरी होते हे ठाऊक आहे, त्याला तिथेच सारे समजले असणार. परीक्षकांना समजले नाही. लेखनासाठी उत्तेजनार्थ पारितोषिक आम्हांला मिळाले, आणि मंचावर जाऊन आम्ही ते घेतले.

पोस्टमास्तरची कथा २०१६ साली एका दिवाळी अंकात आली. शेजारी, छत्री आणि पाकीट त्यात नव्हते, कथेला त्यांची उणीवही भासली नाही. प्रमाणपत्र विभागाच्या कपाटात आहे. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पुढच्या वर्षी दुसऱ्या संघातून स्पर्धेत उतरली. त्यांचा लघुपट सतरा मिनिटे उशिरा पोहोचला आणि स्पर्धेबाहेरचा म्हणून दाखवला गेला.