नाणेघाटातील पाट्या

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या तोंडाशी पोचले, की प्रवासी सहसा कड्यावरून खाली कोकण पाहतो आणि दगडी रांजणाशेजारी उभा राहतो. थोडे उतरल्यावर लागणाऱ्या लेण्यात आम्हांला नेहमी वेगळाच विचार सुचतो. हे महाराष्ट्रातील आपल्याला माहीत असलेले सर्वांत जुने व्यक्तिशिल्पांचे दालन होते. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन ही नावे प्रतिमांच्या वर ब्राह्मीत खोदलेली आहेत. प्रतिमा गेल्या, नावे राहिली. संग्रहालयाच्या भाषेत सांगायचे तर पाट्या शाबूत आहेत आणि कृती गहाळ आहेत. बाजूच्या भिंतींवरचा लेख तर उघडउघड नोंदवही आहे: कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, ते आकड्यांसह लिहिलेले.

‘कायमचा संग्रह’ हा शब्द आपण कला अकादमीच्या संदर्भात फार सहज वापरतो. त्यातले ‘कायमचा’ हे विशेषण कशाच्या बळावर उभे आहे, हा प्रश्न या भिंतीसमोर टाळता येत नाही.

जुन्नरच्या परिसरातील दीडशेहून अधिक लेणी कोणा एकाच्या आज्ञेने खोदली गेली नाहीत. एक मंडप, एक टाके, एक दार अशा सुट्या दानांतून ती साकारली. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीवर नहपानाचा अमात्य आयम याने ४६व्या वर्षी टाके आणि मंडप दिला. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचे दान आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनेही येथे लेणे आणि टाके दिले. दात्याचे नाव, गाव, नाते किंवा व्यवसाय, आणि दिलेली वस्तू: दाखल-नोंदवहीचे रकाने याहून फारसे वेगळे नसतात. देखभालीची सोयही त्या काळाने ओळखली होती. नाशिकच्या लेखात उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंची व्यवस्था लावली. मुद्दल कधीही मोडायचे नाही, म्हणून ती ‘अक्षयनीवी’. वस्तू देणे सोपे असते. ती राखण्याचा खर्च कोण करणार, हे त्याच दगडावर लिहून ठेवण्याचा व्यवहारीपणा आजच्या अनेक देणगीपत्रांत आढळत नाही.

आता दिल्लीकडे वळू. १९५४ साली दोन राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या: मार्चमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ऑगस्टमध्ये ललित कला अकादमी. दोघींच्या संग्रहांची रीत मुळातच निराळी. संग्रहालयाकडे हर्मन गट्झ यांच्यासारखा बडोद्याच्या संग्रहालयाचा अनुभव असलेला प्रमुख होता आणि अमृता शेरगिल यांच्या कुटुंबाकडून आलेल्या चित्रांचा मोठा ठेवा होता. अकादमी ही कलावंतांची संस्था. तिचा संग्रह १९५५पासूनच्या राष्ट्रीय प्रदर्शनांच्या आधाराने वाढत गेला. लंडनच्या रॉयल अकादमीत निवडून आलेल्या सभासदाने स्वतःची एक कृती संस्थेला द्यावी, असा दंडक अठराव्या शतकापासून आहे. तिथे निवड माणसाची होते आणि चित्र मागून येते. आपल्याकडे चित्राची निवड होते, तीही त्या वर्षीच्या परीक्षकांकडून. अशा संग्रहात प्रत्येक वर्षाची अभिरुची जशीच्या तशी गोठते, हा त्याचा गुण. आणि ज्यांनी प्रदर्शनाला चित्र पाठवलेच नाही ते त्यातून आपोआप वगळले जातात, हा त्याचा दोष. हा दोष नंतर हेतुपूर्वक खरेदी करूनच भरून निघतो, आणि तशा खरेदीला दृष्टी असलेला माणूस लागतो.

तसा माणूस औंधला होता. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी सातारा जिल्ह्यातील त्या लहानशा संस्थानात उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि हेन्री मूरचे एक लहान शिल्पही आहे. समिती नाही, परीक्षक नाहीत. एका माणसाची आवड आणि त्या आवडीचे सगळे हट्ट. आम्हांला हे हट्ट समितीच्या समतोलापेक्षा अधिक वाचनीय वाटतात, हे कबूल करतो.

पण सर्वांत बोधक कथा आहे ती अजिंठ्याच्या प्रतिकृतींची. रॉबर्ट गिल १८४४पासून वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रे उतरवून घेत होता. ती चित्रे लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. मग १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकी एक. हेही कापड साउथ केन्सिंग्टनला रवाना झाले, आणि १८८५च्या आगीत त्याचाही मोठा भाग गेला. मुंबईच्या मुलांनी महाराष्ट्रातल्या लेण्यांत बसून केलेले काम पाहायचे, तर उरलेल्या कापडांसाठी लंडन गाठायचे किंवा ग्रिफिथ्सचे १८९६-९७चे दोन खंड उघडायचे. म्हणजे पुन्हा छापील नोंदच.

गिल आणि ग्रिफिथ्स दोघांच्याही कामामागे एकच भीती होती: भिंतीवरची चित्रे नष्ट होत आहेत, तेव्हा प्रत काढून सुरक्षित ठेवावी. सुरक्षित जागा जळाली. भिंत, झिजत का होईना, अजून उभी आहे.

नाणेघाटात याच्या उलट घडले. तिथे कोणी काही हलवले नव्हते, तरी प्रतिमा राहिल्या नाहीत. दुपारी लेण्यात तिरपे ऊन येते तेव्हा ‘कुमार हकुसिरी’ ही अक्षरे नीट लागतात, आणि त्यांच्याखाली बोट फिरवले तर खडबडीत दगड लागतो.