अंगणात गेलेली शाळा

बालकेंद्री शाळा काढायची असं चार समविचारी माणसांनी ठरवलं, की पहिली बैठक अभ्यासक्रमावर होते. अशा काही बैठकांना मी बसलो आहे. फळ्यावर आधी विषयांची नावं लिहिली जातात, मग तासिका, मग साधनांची यादी. मूल कुठं राहतं, सकाळी उठल्यावर काय करतं, त्याच्या कडेवर कोण असतं, हे प्रश्न बहुधा शेवटी येतात. आपल्याकडच्या बालशिक्षणाच्या एका मोठ्या प्रयोगाची सुरुवात मात्र याच प्रश्नांपासून झाली होती. त्याची हकिकत आज सांगावी म्हणतो.

तिचं मूळ दूर, रोममध्ये आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. मूल हातानं शिकतं, ज्ञानेंद्रियांनी शिकतं, आणि योग्य साधनं समोर असली तर आपलं आपण शिकतं, हा त्यांचा अनुभव जगभर पोहोचला. गुजरातमधल्या भावनगरला तो एका वकिलाच्या हाती लागला. गिजुभाई बधेका त्यांचं नाव. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून ते या विषयाकडे वळले आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर उघडलं.

गिजुभाईंनी माँटेसरी पद्धत घेतली, पण जशीच्या तशी घेतली नाही. माँटेसरीबाईंना लहान वयात परीकथा फारशा मान्य नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला आपल्या बालमंदिरात मानाचं स्थान दिलं. आपल्या घरांतून आजीची गोष्ट ऐकत मूल वाढतं, ते त्यांनी शाळेच्या दाराशी अडवलं नाही. परदेशातून आलेल्या पद्धतीला आपल्या मुलांच्या मापानं बेतण्याचं काम इथं सुरू झालं.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या. मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर, राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या. गिजुभाईंबरोबर त्या बालमंदिराच्या कामात पडल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढं ताराबाईंनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, शिक्षिका तयार केल्या, पालकांना समजावलं. शहरांतून बालमंदिरं निघू लागली.

पण इथंच एक गाठ बसली होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे सुखवस्तू घरांची होऊन बसली. लाकडी ठोकळे, दट्ट्या, घासलेल्या पट्ट्या, हे सगळं महाग. १९३१ साली लंडनला माँटेसरी अध्यापक विद्यालयात गांधीजी बोलले, तेव्हा त्यांनीही खेड्यांतल्या गरीब मुलांचीच आठवण करून दिली होती.

१९४५ च्या अखेरीस ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. वय तेव्हा ५३. सोबत पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, ३५ वर्षांच्या अनुताई वाघ होत्या.

गावात बालवाडी उघडली, मुलंही येऊ लागली. पण दलित वस्तीतली मुलं येईनात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यांनी एका आमंत्रणावर आत यावं कसं? ‘आम्ही बोलावलं, ते आले नाहीत’ असं म्हणून गप्प बसता आलं असतं. या दोघींनी साधनं उचलली आणि त्या वस्तीत जाऊन घरासमोरच्या अंगणातच वर्ग मांडला. त्याला नाव दिलं ‘अंगणवाडी’. आज देशभर रुळलेला हा शब्द असा जन्मला.

अंगणात वर्ग भरला की अभ्यासक्रमच बदलतो. समोर आई भाकरी थापत असते, कोंबड्या फिरत असतात. मग अंगण झाडणं, हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं हाही अभ्यासच होतो, आणि तो मुलाइतकाच घरालाही मिळतो.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. भोवती वारल्यांचे पाडे. इथं अडचणी आणखी वेगळ्या. थोड्या मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं कोणी? म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. या रचनेला ‘विकासवाडी’ म्हटलं गेलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. मुलगे गुरं राखायला जात. मग शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले. ती ‘कुरणशाळा’. दिवसा ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग निघाले.

यातलं सूत्र पाहा. मूल गैरहजर असलं की आपण कारण मुलात शोधतो, त्याच्या आईबापांत शोधतो. ताराबाई-अनुताईंनी ते शाळेच्या रचनेत शोधलं. प्रत्येक गैरहजेरीतून त्यांच्या अभ्यासक्रमात एक नवं कलम आलं.

साधनांचंही तसंच. शिंपले, गोटे, चिंचोके, पानं, काटक्या, माती हे सारं आवारात फुकट मिळे. ही केवळ काटकसर नव्हती. लहानमोठं, खरखरीत-गुळगुळीत, हलकं-जड हा भेद ज्ञानेंद्रियांना कळावा, हे माँटेसरी साधनांमागचं तत्त्व. ते तत्त्व नीट समजलं होतं म्हणूनच त्याला चिंचोक्यांत उतरवता आलं. तत्त्व न समजता नुसते चिंचोके मांडले, तर तो पसारा होतो.

म्हणून ‘बालकेंद्री म्हणजे मुलांना वाटेल ते करू द्यायचं’ हा समज मला पटत नाही. कुरणात शिकवणाऱ्या शिक्षकाला घंटेचा आधार नसतो, पुस्तकाच्या पानाचाही नसतो. आज काय शिकायचं, कशातून, आणि ते आलं हे ओळखायचं कसं, याची तयारी त्याला चार भिंतींतल्या शिक्षकापेक्षा जास्तच करावी लागते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं. आज देशात अशी १४ लाखांच्या आसपास केंद्रं आहेत. पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी ही कामं मोलाचीच. भुकेलं मूल शिकणार काय? पण त्या कामांच्या नि नोंदवह्यांच्या भाराखाली शिकणं बरेच ठिकाणी मागं पडलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते सहा या वयाला शिक्षणाच्या आराखड्यात जागा दिली, आणि २०२४ मध्ये या वयोगटासाठी ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रमही आला. खेळातून शिकणं त्यात आहे. पण दिल्लीत छापलेला कागद प्रत्येक पाड्याचं अंगण पाहू शकत नाही. ते पाहायचं काम तिथल्या ताईचं आहे, आणि त्यासाठी तिला वेळ, प्रशिक्षण आणि पुरेसा मोबदला देण्याचं काम आपलं.

ऊसतोडीच्या हंगामात फडावर जाणारी मुलं, वीटभट्टीवरची मुलं, शहरात बांधकामांच्या कडेला वाढणारी मुलं आजही आहेत. त्यांच्या हजेरीपटावर लाल रेघ ओढण्याआधी त्यांचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो, एवढं एका कागदावर लिहून काढावं. त्यांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं पान तेच असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)