खुडूक कोंबडी आणि विजेचा दिवा

कंधार किंवा अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात, कोंबड्या पाळणाऱ्या घरी जाऊ या. कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि एक दिवस टोपलीतून उठेनाशी होते. पिसे फुगवते, हात नेला की टोचते. ‘खुडूक झाली,’ घरची बाई म्हणते. आता अंडी बंद! अंड्यांचा पैसा बहुधा तिच्याच हाती येतो. अंडी रवणीला ठेवायची नसतील तर मग उपाय सुरू होतात. कोणी कोंबडीला गार पाण्यात बुचकळते, कोणी तिच्या नाकपुड्यांतून पीस ओवते.

कोंबडी खुडूक का होते? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका कोंबड्यापासून झाली. 1849 मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा कोंबड्यांची वृषणे काढली. त्यांपैकी चौघांच्या पोटात एकेक वृषण पुन्हा बसवले, कोणाचे स्वतःचे तर कोणाला दुसऱ्याचे. उरलेले दोघे निस्तेज तुऱ्याचे, मवाळ झाले. हे चौघे मात्र आरवू लागले, भांडू लागले. बसवलेल्या वृषणाचा जुन्या मज्जातंतूंशी संबंध उरला नव्हता. तेव्हा त्यातले काहीतरी रक्तातूनच शरीरभर जात असले पाहिजे. अशा पदार्थांना 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

पुढे अमेरिकेत ऑस्कर रिडल यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वेगळे केले. 1935 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचले, तेव्हा त्या खुडूक बसू लागल्या. म्हणजे खुडूक होणे हा कोंबडीचा हट्ट नव्हे. प्रोलॅक्टिन वाढले की अंडाशयाचे काम थांबते. टोपलीची ऊब आणि पोटाला लागणारी अंडी यांमुळे ते वाढलेलेच राहते. म्हणून पीस ओवून कोंबडीला छळण्याची गरज नाही. तिला टोपलीपासून दूर, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवावे. दाणापाणी चालू ठेवावे. प्रोलॅक्टिन उतरते व कोंबडी पुन्हा अंड्यावर येते.

आता प्रकाशाकडे वळू. कॅनडात विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात कडाक्याच्या थंडीत जंको पक्ष्यांना दिव्यांच्या साहाय्याने दिवस मोठा करून दाखवला. हिवाळा असूनही त्यांची जननेंद्रिये वाढली. फ्रान्समध्ये जाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले, की हा प्रकाश केवळ डोळ्यांतून नव्हे, कवटीतूनही मेंदूपर्यंत पोचतो. प्रकाशाचा निरोप मिळाला की मेंदू पिट्युटरीला जागे करतो आणि पिट्युटरी अंडाशयाला.

नांदेड-लातूरकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे 11 तासांचा असतो. म्हणून अंड्यांच्या फार्मवर दिवे लावून उजेड सुमारे 16 तासांचा करतात. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, आणि पिंजऱ्यातील संकरित कोंबडी आपल्याकडे सर्वत्र दिसू लागली. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही तीनशेच्या आसपास. निवड करता करता तिच्यातला खुडूकपणा जवळजवळ नाहीसा झाला आहे. याची किंमतही तीच मोजते. दर अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यातून ते पुरेसे मिळाले नाही तर तिची हाडे ठिसूळ होतात.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो: ‘जास्त अंड्यांसाठी इंजेक्शन देतात का?’ ही शंका अगदीच निराधार नाही. अमेरिकेत मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांना कृत्रिम स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या कातडीखाली बसवत असत. 1959 मध्ये ते बंद झाले. पण अंड्यांसाठी हजारो पक्ष्यांना टोचत बसणे परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. पिट्युटरीची संप्रेरके प्रथिनांची असल्याने ती खाद्यातून दिली तर पचूनच जातील. अंडी वाढतात ती निवडीमुळे, खाद्यामुळे आणि दिव्यामुळे.

विद्यार्थ्यांना घरच्या एका कोंबडीची अंडी घालण्याची वेळ रोज टिपायला सांगा. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, म्हणून वेळ बहुधा रोज थोडी पुढे सरकते. बलक सुटण्याचा इशारा देणारे संप्रेरक रात्रीच्या ठरावीक तासांतच उसळते. ती वेळ हुकली की एक दिवस खाडा पडतो. हा खाडा वहीत दिसला, की रक्तातून जाणारा निरोप मुलांनी स्वतःच टिपला असे समजावे.