वही कोण लिहितो, सही कोण करतो? सांगली जिल्ह्यातल्या तालुक्यांमधली हिशेबाची माणसं

तासगाव, विटा, जत, पलूस. कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडं निघालं की पाटी दिसतेच. 'कर सल्लागार', 'जीएसटी, उद्यम, पॅनकार्ड', 'अकाउंट्स व ऑडिट'. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, टॅलीवर बसलेली दोन-तीन पोरं आणि भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे. गावाकडून आलेला माणूस आत बसलेल्या प्रत्येकाला 'सीए साहेब' म्हणतो. बोलण्यापुरतं ते चालून जातं. पण बँक, सोसायटी किंवा कंपनीच्या कागदावर सही लागते, तेव्हा कुणाची सही चालते आणि कुणाची नाही हे माहीत नसलं तर खिशाला चाट बसते.

सनदी लेखापाल म्हणजे सीए. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा तो सभासद असतो आणि स्वतंत्र काम करायचं तर त्याच्याकडं प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र लागतं. फाउंडेशन, इंटरमीडिएट, फायनल अशा तीन परीक्षा आणि मध्ये आर्टिकलशिप. ही आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमापासून दोन वर्षांची झाली. सीएला जाहिरात करण्यावर संस्थेची बंधनं आहेत, त्यामुळं त्याची पाटी बहुतेक वेळा लहानच असते. धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की आयकराचं ऑडिट करावं लागतं (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटी आहे). त्या ऑडिटवर सही फक्त सीएचीच चालते.

कर सल्लागार हा वेगळा माणूस. बहुतेक जण बी.कॉम., काही वकील, काहींनी आधी एखाद्या सीएकडं दहा-बारा वर्षं काढलेली. रिटर्न भरणं, जीएसटीची महिन्याची कामं, नोटिशीला उत्तर देणं ही कामं ते करतात आणि अनेक जण चोख करतात. तालुक्यातल्या किराणा दुकानदाराचा खरा आधार हाच. त्याला कमी लेखायचं कारण नाही, फक्त ऑडिटची सही त्याच्याकडं मागायची नाही. 'सही आणून देतो' असं कुणी म्हणालं तर ती कुणाची, हे तिथंच विचारावं. सीएने दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर आणि ऑडिट अहवालावर २०१९ पासून १८ अंकी यूडीआयएन क्रमांक असतो. सीए संस्थेच्या पोर्टलवर तो टाकला की सही खरी की खोटी ते मोबाईलवरही कळतं. कर्जासाठी नेटवर्थचा दाखला घेतला असेल तर बँकेत देण्याआधी एवढं करायला दोन मिनिटं लागतात.

तिसरा प्रकार हंगामी एजंटांचा. जुलै आला की हे शाळांच्या, डेपोच्या, कारखान्याच्या गेटवर दिसतात. 'रिफंड काढून देतो, दहा टक्के द्या' ही त्यांची बोली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढायचा आणि नोटीस आली की फोन बंद. आयकर खात्याने १४ जुलै २०२५ रोजी अशाच प्रकारांवरून देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. नोटीस एजंटाला येत नाही, ज्याच्या पॅनवर रिटर्न भरलं त्याला येते. सीएला तर काही अपवाद सोडले तर टक्केवारीवर फी ठरवताच येत नाही. टक्केवारीची भाषा ऐकली की सावध व्हावं.

सोसायटीचा हिशेब

शेतकऱ्याचा सगळ्यात जवळचा हिशेबनीस म्हणजे विकास सोसायटीचा सचिव. किर्द, खतावणी, तेरीज, कर्जखाती सगळं त्याच्या हातात. एकेका सचिवाकडं दोन-तीन गावंही असतात. पगाराचा पैसा शेवटी सोसायट्यांच्या कमाईतूनच यायचा, म्हणून वसुली थकली की त्याचाही पगार थकतो. कर्जमाफीच्या याद्या असोत की पीककर्जाचं नवंजुनं, लोकांच्या शिव्या पहिल्या त्यालाच. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तेव्हापासून जुन्या वह्यांतल्या बाक्या संगणकात उतरवायचं कामही सचिवांच्याच अंगावर आलं.

वही सचिवाने लिहायची, तपासायची मात्र दुसऱ्याने. सहकारी संस्थेचा लेखापरीक्षक शासनाने मान्य केलेल्या पॅनेलवरून सर्वसाधारण सभेत ठरावाने नेमला जातो. पॅनेलवर सीए असतात, सहकार खात्याचे ऑडिटर असतात आणि जी.डी.सी. अँड ए. परीक्षा पास झालेले प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. ही परीक्षा सहकार आयुक्त कार्यालय घेतं, पदवीधराला देता येते. ऑडिटनंतर संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो आणि काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल संस्थेने द्यायचा असतो. सभेत जेवणाची पंगत रंगते, दोष दुरुस्ती अहवाल कुणी वाचायला लावत नाही.

अडचण अशी की, तपासणारा आणि तपासला जाणारा हे बऱ्याचदा एकाच पंचक्रोशीतले असतात. चेअरमन पाहुण्यातला, संचालक वर्गमित्र, सचिवाच्या पोरीच्या लग्नाला ऑडिटर हजर. कायदा सांगतो की गैरव्यवहार दिसला तर लेखापरीक्षकाने निबंधकाकडं विशेष अहवाल द्यायचा. तो दिला की दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर कुणी बोलत नाही, आणि पुढच्या सभेत ऑडिटर बदलायचा ठराव येतो. नाही दिला तर ठेवीदाराचा पैसा जातो. शहरातल्या ऑडिटरला हा पेच एवढा टोचत नाही, संध्याकाळी तो वेगळ्या गल्लीत राहायला जातो.

म्हणून सभासदानेच थोडं बघावं. स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सोसायटीच्या कार्यालयात मोफत पाहण्याचा हक्क सहकार कायद्याच्या कलम ३२ ने दिला आहे. पासबुकातली बाकी आणि खतावणीतली बाकी जुळते का ते वर्षातून एकदा तरी बघितलं पाहिजे. भरणा केला त्याच दिवशी पावती घ्यायची. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं, आणि पैसे वेळेत देऊनही नोंद उशिरा पडली तर ते व्याज शेतकऱ्याच्याच नावावर चढतं.

उत्पादक कंपन्यांचं दुखणं

गेल्या काही वर्षांत गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या. केंद्राच्या दहा हजार एफपीओ योजनेत एका कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे, त्यातून हिशेबनीसाचा पगारही धरलेला असतो. तीन वर्षं संपली की मदत थांबते आणि पोरगा दुसरी नोकरी धरतो. इथून गाडी घसरते. धंदा शून्य झाला तरी कंपनीचं ऑडिट आणि वार्षिक फॉर्म चुकत नाहीत. एओसी-४ आणि एमजीटी-७ हे दोन फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येकी रोज १०० रुपये लागतात. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. आणि संचालक म्हणजे कोण, तर 'सही कर रे' म्हणून गोळा केलेले भावकीतले दहावी-बारावी झालेले शेतकरी. फी वाचवायला ज्याच्याकडून वही लिहून घेतली त्याच्याकडूनच ऑडिट करून घेणं, हेही कंपनी कायद्यात बसत नाही.

सप्टेंबर ते दिवाळी

या लोकांचं वर्ष निराळं. दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, जुलैअखेर नोकरदारांची रिटर्न, ३० सप्टेंबरला आयकर ऑडिट आणि सहकारी संस्थांच्या सभांची मुदत. गणपती बहुतेक या धांदलीतच येतात, आणि मंडळाचा खजिनदार कोण, तर हाच माणूस. यात्रा कमिटी, पतसंस्था, देवस्थान, सगळीकडं हिशेब त्याच्या गळ्यात, आणि तो बहुतेक फुकट. १ जुलै हा सीए दिन. सांगलीच्या शाखेत त्या दिवशी आणि एरवी चर्चासत्रांना तालुक्यातले सीए जमतात. कर सल्लागारांच्या संघटना वेगळ्या. नवं परिपत्रक आलं की स्पर्धा बाजूला ठेवून एकमेकांना फोन होतात. बेदाण्याचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, असं जीएसटी कौन्सिलने २१ डिसेंबर २०२४ च्या बैठकीत स्पष्ट केलं. त्याआधी या प्रश्नावर भल्याभल्यांची दोन मतं होती.

फी मात्र इथं महिन्यावर मिळत नाही. द्राक्षाचे पैसे आले की, उसाचं बिल जमा झालं की, पट्टी हातात पडली की. दिवाळीच्या सुमाराला तासगाव-सांगलीचे बेदाणा सौदे काही आठवडे बंद राहतात, कारण व्यापारी आणि अडत्यांना आधी जुनी देणी फेडून 'झिरो पेमेंट' करायचं असतं. या दिवसांत अडत दुकानांतले दिवाणजी आणि हिशेबाची ऑफिसं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. सगळ्यांची देणी मिटली की लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू पडतं, आणि वही लिहिणाऱ्याची फी बहुतेक ठिकाणी त्यानंतरच निघते.