आनंदी-गोपाळ: बायको पुस्तकात, नवरा पत्र लिहायला... ही 'उलटी' जोडी नेमकी कशी होती?

रेवदंड्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालात की साधारण सतरा-अठरा किलोमीटरवर अलिबाग लागतं. आज तिथे वीकेंडला गाडी लावायला जागा मिळत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी कल्याणहून बदली होऊन एक पोस्टातला कारकून आपल्या कोवळ्या बायकोला घेऊन या गावात आला होता. गोपाळ विनायक जोशी आणि आनंदीबाई.

टीव्ही आणि सिनेमाला ही जोडी पुन्हा पुन्हा हवी असते. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी १९६८ सालची. पुढे तिच्यावर नाटक आलं, कमलाकर सारंग यांनी दूरदर्शनसाठी हिंदी मालिका केली आणि २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा सिनेमा आला. कारण उघड आहे. इथे नवरा-बायकोच्या भूमिका उलट्या दिसतात.

उलटं काय होतं?

त्या काळी जेवण बिघडलं म्हणून बायकोला मारणारे नवरे घरोघरी होते. गोपाळराव चिडायचे ते अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमलेली दिसली म्हणून. परदेशी शिकायला मुलगे जायचे आणि बायका मागे राहायच्या. इथे ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आनंदीबाई एकट्या बोटीत बसल्या आणि नवरा मागे राहिला. डॉक्टरीण व्हायचं हे त्यांच्या मनाने घेतलं, त्यामागे एक मोठं दुःख होतं. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं.

अमेरिकेचं दार उघडलं तेही मजेशीर रीतीने. गोपाळरावांनी एका मिशनरीला मदतीसाठी पत्र लिहिलं, ते तिथल्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचलं आणि थेट मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

मग सत्ता कुणाकडे होती?

इथे मालिकावाले थोडं हात राखून दाखवतात. लग्न १८७४ सालचं. मुलगी नऊ वर्षांची, नवरा बिजवर आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा. माहेरचं यमुना हे नाव बदलून आनंदी झालं. तिने शिकायचं, हेही त्यानेच ठरवलेलं. कामं उलटी झाली, पण 'ठरवणार कोण' हे जिथल्या तिथेच राहिलं.

आणि हे आपण आज चष्मा लावून म्हणतोय असं नाही. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी स्वतःच हिशेब मांडलाय. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून जायच्या धमक्या. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं त्या म्हणतात. हेतू बघितला तर बरोबर, एका मुलीच्या मनावर काय झालं ते बघितलं तर चूक. अख्ख्या पत्रात कुठे आदळआपट नाही, म्हणूनच ते जास्त लागतं.

'मारलं, पण डॉक्टर केलं' अशी कॅप्शन टाकण्याआधी हे पत्र आठवावं.

रमाबाईंची गोष्ट वेगळी का वाटते?

२०१२ मध्ये झी मराठीवर 'उंच माझा झोका' सुरू झाली. तीत रमाबाई आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची गोष्ट होती. सुरुवात आश्चर्य वाटावं इतकी सारखी. रमाबाईंचंही माहेरचं नाव यमुना, लग्न १८७३ च्या डिसेंबरातलं, वय अकरा आणि नवरा एकतीस वर्षांचा बिजवर. रानड्यांनीही बायकोला शिकवलं. पण धाक वेगळा होता. ते मारत नसत, अबोला धरत. पुढे रानड्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा रमाबाई त्यांना वाचून दाखवू लागल्या. त्यांनीच अक्षरओळख करून दिलेली मुलगी आता त्यांच्यासाठी वाचत होती. मला विचाराल तर भूमिका खऱ्या अर्थाने इथे उलटल्या, आणि त्याही फार गाजावाजा न होता.

रमाबाईंना दुसरी एक गोष्टही मिळाली: आयुष्य. १९०१ मध्ये रानडे गेले, त्यानंतर त्या तेवीस वर्षं जगल्या, सेवासदन उभं केलं, १९१० मध्ये आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या. मालिका त्याच आठवणींवर उभी राहिली, म्हणजे निवेदन बाईच्या हातात होतं.

आनंदीबाईंना तेवढा वेळ मिळाला नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डचं प्रमुखपद त्यांना मिळालं होतं. पण तोवर क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या.